डोंगराचं पाणी, वाळवंटातलं गाव

(आकाशातून दिसणारा करडा माळ. एका सरळ ओळीत शेकडो गोल खळगे.)

पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, या माळावर कुणी पट्टी धरून बॉम्ब टाकत गेलं असावं. प्रत्येक खळग्याभोवती मातीचं कडं आणि मधोमध काळं तोंड. ही ओळ डोंगराच्या पायथ्याशी सुरू होते, उघड्याबोडक्या माळावरून कोसच्या कोस जाते आणि वाळवंटाच्या काठावर एका हिरव्या ठिपक्यापाशी संपते.

तो हिरवा ठिपका म्हणजे एक गाव. डाळिंबाच्या बागा, गव्हाची वावरं, मातीच्या भिंती. गावात नदी नाही, तलाव नाही, पाऊस नावापुरता. पाणी येतं ते त्या खळग्यांच्या खालून, जमिनीच्या पोटातल्या भुयारातून. या भुयाराला फारसीत कनात म्हणतात. आपण मांडवाला लावतो ती कनात वेगळी. ही कनात इराणच्या पठाराची धमनी आहे, आणि या पठारावर माणूस कसा टिकला हे समजून घ्यायचं तर तिच्यातच उतरावं लागतं.

पण आधी डोंगर बघू. कारण इथलं सगळं पाणी डोंगराचं आहे.

(अल्बोर्झच्या रांगा. उत्तरेकडचं दाट जंगल. कॅमेरा खिंड ओलांडतो आणि समोर उघडा दक्षिण उतार.)

महाबळेश्वरहून पूर्वेला माण-खटावकडे जाताना पाऊस कसा आटत जातो, ते आपल्याला माहीत आहे. दोनेक तासांत धुक्यातून कुसळांच्या माळावर. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत ज्याचं गाव आहे, त्याला इराण समजवायला फार शब्द लागत नाहीत. इथे सह्याद्रीच्या जागी अल्बोर्झ आहे. उत्तरेला कॅस्पियन समुद्र, त्याच्या काठावर अंझलीला वर्षाला १,७०० मिलिमीटरहून जास्त पाऊस. तिथे भात पिकतो, चहाचे मळे आहेत, कौलारू घरं आहेत. मग मध्ये अल्बोर्झची भिंत. याच भिंतीत ५,६०९ मीटर उंचीचा दमावंद हा ज्वालामुखी उभा आहे. भिंत ओलांडली की तेहरान, आणि तिथे पाऊस सव्वादोनशे मिलिमीटरच्या आसपास. तिथून दक्षिणेला, पठाराच्या पोटात यझ्दला पोचलात की वर्षाचा सगळा पाऊस मिळून पन्नास-साठ मिलिमीटर. आपल्याकडे आषाढातली एक जोराची सर तेवढा पाडून जाते.

पश्चिमेला आणि दक्षिणेला दुसरी भिंत आहे, झाग्रोसची. सुमारे दीड हजार किलोमीटर लांब. अरबस्तानचा भूपट्ट वर्षाला साधारण दोन सेंटीमीटर या वेगाने उत्तरेकडे सरकतोय, युरेशियाला ढकलतोय. सतरंजी एका बाजूने रेटली तर तिला जशा वळ्या पडतात, तशा वळ्या म्हणजे झाग्रोस. आकाशातून पाहिलं तर एकामागे एक समांतर कणे दिसतात. आणि या वळ्यांमधून मीठ वर येतं. पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचं मीठ वरच्या खडकांच्या भाराखाली दबून, भेगांतून वाट काढून डोंगराच्या माथ्यावर फुटतं आणि उतारावरून हळूहळू ओघळतं. हिमनदी असते तशी ही मिठाची नदी. खडक वाहतो हे ऐकलेलं असतं, इथे दिसतं.

झाग्रोसच्या या वळ्यांतून बख्तियारी आणि कश्काई लोक शेकडो वर्षं मेंढरं घेऊन फिरत आले आहेत. हिवाळ्यात खाली सखल भागात, तो त्यांचा गर्मसीर, म्हणजे उष्ण मुलूख. वसंतात बिऱ्हाड उचलून बर्फाच्या खिंडी चढून वर, तो सर्दसीर, थंड मुलूख. बायका, तान्ही मुलं, कोंबड्या, तंबू, सगळं खेचरांवर लादून. दसरा झाला की आपल्या धनगरांचे वाडे निघतात, तेच हे चालणं, फक्त डोंगर चार हजार मीटरचे. आता बरेच लोक स्थिरावले आहेत, काही मेंढरं ट्रकमधून नेतात. तरी चैत्र-वैशाखाच्या सुमाराला त्या खिंडींमध्ये अजून घंटा ऐकू येतात.

(झाग्रोस मागे पडतो. पांढरी, भेगाळलेली सपाटी. क्षितिजावर काहीच नाही.)

या दोन भिंतींच्या मध्ये जे उरतं, ते इराणचं पठार. सरासरी हजारेक मीटर उंचीवरचं. चारी बाजूंनी डोंगर असल्यामुळे आत आलेलं पाणी समुद्राला जाऊन मिळत नाही. ते खोलगटात साचतं, उन्हाने उडून जातं आणि मागे ठेवतं मीठ. असं हजारो वर्षं चाललं की दश्त-ए-कवीर तयार होतं. ही मिठाची प्रचंड सपाटी आहे. वरून कोरडी पांढरी खपली, षट्कोनी भेगांची, आणि खपलीखाली चिखल. आपल्याकडचा शेतकरी चोपण जमीन ओळखतो. ही देशाएवढी चोपण. तांड्यांना इथली वाट पाठ असावी लागे. वाट चुकलेलं जनावर खपली फोडून खाली रुतत असे.

आग्नेयेला दश्त-ए-लूत. लूतचं नाव निघालं की आकडे निघतात, तेव्हा एकदा नीट सांगून टाकू. २००५मध्ये उपग्रहाने इथल्या जमिनीचं तापमान ७०.७ अंश सेल्सिअस नोंदवलं. हे हवेचं तापमान नाही, जमिनीच्या कातडीचं आहे. हवा त्या मानाने बरीच थंड असते. तरीही सत्तर अंशांच्या दगडावर हात ठेवता येत नाही. लूतच्या एका काळ्या, लाव्ह्याने झाकलेल्या पठाराला गंदोम बेरयान म्हणतात, म्हणजे भाजलेला गहू. गोष्ट अशी सांगतात की कुणा तांड्याने गव्हाचं ओझं तिथे ठेवलं आणि परतून पाहिलं तर दाणे भाजून निघालेले. गोष्ट खरी असो नसो, नाव मात्र त्या जमिनीला शोभतं.

लूतमध्ये वाऱ्याने कोरलेल्या मातीच्या लांबच लांब भिंती आहेत, त्यांना कलूत म्हणतात. काही ४० किलोमीटरहून लांब, १५० मीटरपर्यंत उंच. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ओसाड पडलेल्या शहरासारख्या दिसतात, आणि पर्यटक त्याचेच फोटो काढतात. २०१६मध्ये युनेस्कोने लूतला जागतिक वारसा ठरवलं. मला स्वतःला त्या भव्य भिंतींपेक्षा लूतच्या काठावरच्या झाऊच्या झुडपांकडे जास्त वेळ पाहावंसं वाटतं. झुडूप वाळू अडवतं, वाळू त्याला गाडायला लागते, ते पुन्हा वर वाढतं, पुन्हा वाळू अडवतं. अशी घरापेक्षा उंच टेकडी होते आणि तिच्या डोक्यावर अजून हिरवी फांदी असते. मूळ मात्र खाली ओलीपर्यंत गेलेलं.

माणसानेही इथे तेच केलं.

(पायथ्याचा पंखासारखा पसरलेला उतार. वर बर्फ, खाली वाळवंट.)

नकाशावर इराणची जुनी शहरं बघा. तेहरान, काशान, यझ्द, केरमान. कुठलंही शहर डोंगरावर नाही आणि वाळवंटाच्या मधोमधही नाही. सगळी पायथ्याला, जिथे डोंगर संपतो आणि मैदान सुरू होतं त्या पट्ट्यात. डोंगरावरचा बर्फ वितळतो, ओढ्यांनी आणलेल्या दगडगोट्यांच्या, रेतीच्या थरात पाणी जिरतं आणि जमिनीखालून हळूहळू मैदानाकडे सरकतं. जमिनीवरून आणलं असतं तर वाटेतच उन्हाने प्यालं असतं. म्हणून इथल्या लोकांनी पाण्याला खालूनच वाट करून दिली.

कनात खणणाऱ्याला मुकन्नी म्हणतात. त्याचं काम जवळून बघू.

आधी तो डोंगराच्या पायथ्याला फिरतो. कुठे हिरवळ टिकून आहे, पहाटे कुठल्या मातीवर दव दिसतं, ओढ्याचं पाणी कुठे गडप होतं. मग तिथे एक विहीर खणतात, पाणी लागेपर्यंत. ती मादर-चाह, म्हणजे आई-विहीर. पाणी किती खोल आहे ते दोराने मोजायचं आणि गावाकडे जमीन किती उतरत जाते तेही मोजायचं. भुयाराचं तोंड गावाजवळ जिथे उघडणार, ती जागा आई-विहिरीतल्या पाण्यापेक्षा थोडी खाली हवी. थोडीच. किलोमीटरला जेमतेम मीटरभर उतार, बऱ्याचदा त्याहूनही कमी. उतार जास्त झाला तर पाणी भुयार खरवडून काढतं आणि ते ढासळतं. कमी झाला तर गाळ बसतो. पाण्याची पातळी, दोरा आणि ओळंबा, एवढ्यावर हे गणित सांभाळलेलं असतं. अकराव्या शतकात अल-करजी या गणितज्ञाने भूगर्भातलं पाणी काढण्यावर अख्खा ग्रंथ लिहिला, त्यात समतल मोजण्याची साधनं समजावली आहेत.

खणायला सुरुवात होते ती गावाच्या बाजूने, कोरड्या टोकापासून. म्हणजे पाणी शेवटी लागेल आणि खणणाऱ्याला बुडवणार नाही. भुयार एका माणसाने वाकून चालावं एवढंच. हातात आखूड दांड्याची कुदळ. दर वीस-पन्नास मीटरवर वरून एक उभी विहीर भुयारात उतरते. तिच्यातून हवा येते आणि खणलेली माती चामड्याच्या बादलीतून वर जाते. वर रहाट फिरवणारी माणसं ती माती विहिरीच्या तोंडाभोवतीच ओततात. आकाशातून दिसलेली ती कडी म्हणजे हीच माती. पाऊस कधी आलाच तर वाहतं पाणी आत शिरू नये, याची सोयही तीच करते.

भुयार सरळ जावं म्हणून मुकन्नी पाठीमागे दोन दिवे ठेवतो. वळून पाहिलं की दोन्ही ज्योती एकामागे एक, एकच दिसली पाहिजे. दोन दिसायला लागल्या तर तो वाकडा चालला आहे. ज्योत मंद झाली तर हवा संपत आली आहे, वर यायचं. माती ठिसूळ लागली तर भाजलेल्या मातीची लंबगोल कडी एकाला एक लावून छत धरायचं. आणि अंगात कपडे पांढरे. अंधारात माणूस दिसावा म्हणून. जुने मुकन्नी दुसरं कारणही सांगत: भुयार कोसळलं तर कफन अंगावर आहेच. बाप मुलाला हे काम शिकवत आला. काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या दुसरा धंदाच नव्हता.

(गोनाबाद. एका विहिरीचं तोंड. दगड सोडलेला हात. शांतता.)

खोरासान प्रांतात गोनाबादची कसबे कनात आहे. सुमारे ३३ किलोमीटर लांब, अडीच हजार वर्षांच्या आसपासची मानतात, आणि अजून वाहते आहे. तिची आई-विहीर ३०० मीटरहून खोल आहे. एवढ्या खोलीत दगड टाकला तर त्याचा आवाज वर यायला आठ-नऊ सेकंद लागतात. थांबून मोजा. एवढं अंतर माणूस दोराला धरून उतरला, दिव्याच्या उजेडात खणत राहिला, टोपलीटोपलीने माती वर पाठवत राहिला.

२०१६मध्ये युनेस्कोने वारसा म्हणून निवडलेल्या अकरा कनातींमध्ये ही आहे. त्याच यादीतली यझ्दजवळची झार्च कनात सत्तर किलोमीटरहून लांब आहे.

पाणी गावात आलं की दुसरा प्रश्न उभा राहतो, वाटणीचा. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत पाटकरी असतो, तसा इथे मीराब. पाणी मोजायचं साधन म्हणजे तांब्याचा एक वाडगा. बुडाला बारीक भोक. तो पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यावर तरंगत ठेवायचा. भोकातून पाणी आत चढतं, वाडगा भरतो आणि टुपकन बुडतो. झाला एक हिस्सा. मीराब खूण म्हणून एक खडा बाजूला ठेवतो, वाडगा उचलतो, पुन्हा ठेवतो. ज्याचे जितके वाडगे, तितका वेळ पाणी त्याच्या वावरात. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त मोजायला घंगाळात घटिकापात्र सोडत, तेच हे. तिथे मंगलाष्टकं घटका भरण्याची वाट बघत, इथे गव्हाचे वाफे. गोनाबादजवळच्या गावांत हा वाडगा गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात होता. रात्री-अपरात्रीसुद्धा माणूस त्याच्याजवळ जागा असे.

(यझ्द. मातीच्या छपरांवर उभे वाऱ्याचे मनोरे.)

यझ्दमध्ये कनातीचं पाणी घरांच्या तळघरातून जातं. छपरावर बादगीर, वारा धरणारा मनोरा. वरचा वारा त्याच्या उभ्या कप्प्यांतून खाली उतरतो, पाण्यावरून जातो आणि ओला, गार होऊन खोलीत येतो. दौलताबाद बागेतला बादगीर ३३ मीटर उंच आहे. खाली उभं राहून मान वर केली की जून महिन्यातही चेहऱ्यावर झुळूक लागते.

यझ्दजवळ मेबोदला मातीचा एक प्रचंड घुमट आहे, यखचाल, बर्फाचं घर. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री वाळवंटाची उष्णता आकाशात उडून जाते. भिंतीच्या सावलीतल्या उथळ हौदात कनातीचं पाणी सोडायचं, पहाटेपर्यंत ते गोठायचं, तो बर्फ फोडून जाड भिंतींच्या घुमटाखालच्या खड्ड्यात रचायचा. उन्हाळ्यात काढायचा. मुंबईत आपण फालुदा खातो ना, त्याचं नाव आणि मूळ याच मुलखातलं.

इराणातून मुंबईला आलेला फालुदा एकटा नव्हता. यझ्द आणि केरमानच्या आसपासच्या खेड्यांत झरतुष्ट्री, म्हणजे पारशांच्याच धर्माचे, शेतकरी राहत. या कोरड्या पठाराचा आडवळणीपणाच शतकानुशतकं त्यांचा आसरा होता. पण जिझिया होता, अपमान होता, आणि १८७०-७२च्या दुष्काळात खायला नव्हतं. मुंबईच्या पारशांनी १८५४मध्ये माणेकजी लिमजी हातरिया यांना तिकडे पाठवलं होतं. त्यांनी अनेक वर्षं खटपट केली आणि १८८२मध्ये जिझिया रद्द झाला. तोवर आणि त्यानंतरही लोक येतच राहिले. मुंबई-पुण्याच्या कोपऱ्या-कोपऱ्यांवर संगमरवरी टेबलं मांडून ज्यांनी चहा आणि ब्रून मस्का दिला, त्यांतले पुष्कळ इराणी हेच. ज्या गावात पाणी वाडग्याने मोजून मिळायचं, त्या गावची ही माणसं.

आणि कनातही आपल्याकडे आली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर-ए-अंबरी बांधली. बाहेरच्या डोंगरांतलं पाणी जमिनीखालून, उताराने, शहरात. त्यानंतर शहरात आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीचं पाणीही अशाच नहरीचं. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा त्याच घराण्यातला. दख्खनच्या काळ्या खडकात ही विद्या रुजली हे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येतं. तिच्यावर एक वेगळा चित्रपट व्हायला हवा.

(बमचा मातीचा किल्ला. डागडुजी केलेल्या भिंती, मधूनच ढिगारे.)

लूतच्या काठावर बम आहे. खजुरासाठी प्रसिद्ध. इथे पाणी वर का आलं, याचं उत्तर भूगर्भशास्त्रज्ञ देतात: भूपृष्ठातली भेग. भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर घासून मधे बारीक चिकणमाती तयार होते आणि ती भूमिगत बंधाऱ्यासारखी पाणी अडवते. तिथे कनात खणली की पाणी हमखास. म्हणून गावं भेगांवर वसली. २६ डिसेंबर २००३च्या पहाटे बमखालची जमीन हलली. २६ हजारांहून जास्त माणसं गेली. बहुतेक झोपेत, स्वतःच्याच घरांच्या मातीच्या छपरांखाली. किल्लारीची ३० सप्टेंबर १९९३ची पहाट ज्याने पाहिली, त्याला बमचे ढिगारे परके वाटत नाहीत. पाणी देणारी भेग आणि जीव घेणारी भेग एकच, आणि तरीही लोक परत आले, कारण पाणी तिथेच होतं.

आज कनातींवरचं मोठं संकट मात्र भूकंपाचं नाही. ते विंधन विहिरीचं आहे.

१९५०-६०च्या दशकांत पंप आले. १९६०च्या दशकातल्या जमीनसुधारणेत मोठ्या जमीनदारांच्या जमिनी वाटल्या गेल्या, ते न्याय्यच होतं. पण कनात दरवर्षी साफ करायचा खर्च कुणी करायचा, हे नीट ठरलं नाही. कनातीचा जुना नियम होता, हरीम: तिच्यापासून ठरावीक अंतरात दुसरी विहीर खणायची नाही. पंपापुढे हा नियम टिकला नाही. कनात जमिनीला जेवढं झेपेल तेवढंच पाणी देते. पाऊस-बर्फ कमी झाला की तिची धार बारीक होते आणि गाव त्या वर्षी पेरा कमी करतं. पंपाला असं काही कळत नाही. तो पाण्याची पातळी गाठतो, ती खाली गेली की आणखी खोल जातो. रफसंजानच्या पिस्त्याच्या बागा अशाच पाण्यावर वाढल्या. आई-विहिरी कोरड्या पडल्या. काही मैदानांत जमीन वर्षाला वीस-पंचवीस सेंटीमीटर खचते आहे. घरांच्या भिंतींना, रस्त्यांना भेगा पडल्या आहेत. जमिनीखालची रिकामी जागा एकदा दबली की पुढे कितीही पाऊस झाला तरी तिथे तेवढं पाणी मावत नाही.

सांगोल्याचा डाळिंबवाला शेतकरी हे ऐकताना आपल्या बोअरचे फूट आठवेल. डाळिंब हे मूळचं इराणकडचं झाड, आणि त्याच्यासाठी आपणही तसंच खोल गेलो. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेलवर बंदी घातली, तेव्हा त्यांनी नकळत हरीमच मांडला होता.

तरीही इराणात तीस हजारांहून जास्त कनाती अजून वाहत्या आहेत. यझ्दमध्ये कनातींचं संग्रहालय आहे. काही गावांतले तरुण वडिलांबरोबर पुन्हा खाली उतरू लागले आहेत. पांढऱ्या कपड्यांवर आता हेल्मेट आणि विजेचा दिवा. गाळ काढायचा, कोसळलेली कडी बदलायची, वर यायचं.

(संध्याकाळ. कनातीचं तोंड. शीरकूहच्या माथ्यावर उरलेलं बर्फ दूरवर दिसतं.)

यझ्दच्या दक्षिणेला शीरकूह, चार हजार मीटरहून उंच. त्याच्या पायथ्याच्या या गावात पाण्याची पाळी बदलायची वेळ झाली आहे. वाडगा नाही आता, मनगटावर घड्याळ आहे. पाटाच्या कडेला दोन माणसं उभी. म्हाताऱ्याने फावड्याने ओली माती ओढून आपलं दारं बंद केलं, वर पायाने दाबलं. दुसऱ्याने खालचं दारं मोडलं. पाटातलं पाणी क्षणभर फुगलं, वाळकी पानं गोल फिरली, आणि मग ते डाळिंबाच्या पुढच्या ओळीत शिरलं.